संशोधनाचा आराखडा किती सविस्तर असावा?

आमच्या घराण्यात पीएच.डी.च्या दारापर्यंत पोहोचलेली पहिली मुलगी म्हणजे आमची पुतणी. तिचे आजोबा गिरणी कामगार. प्रवेशासाठी तिने आराखडा लिहिला आणि आम्हा सर्वांना वाचून दाखविला. पाने चाळीस, विषय 'दलित स्त्रिया आणि शिक्षण'. वहिनी शाळा फारशा शिकलेल्या नाहीत; पण त्यांनी विचारले, "बाई, उद्या सकाळी उठून तू जाणार कुठे? भेटणार कुणाला?" चाळीस पानांत त्याचे उत्तर नव्हते.

बाबासाहेबांच्या प्रबंधांचे विषय पाहा. कोलंबिया विद्यापीठासाठीचा, 1925 साली ग्रंथरूपाने आलेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणावर आहे. लंडनचा, 1923 साली प्रसिद्ध झालेला, रुपयाच्या प्रश्नावर. साऱ्या देशाचे दारिद्र्य त्यांना ठाऊक होते, तरी प्रबंधासाठी त्यांनी एकेकच प्रश्न धरला.

पुतणीनेही मग विषय आवळला: 1982 च्या गिरणी संपाचा नायगावच्या बी.डी.डी. चाळींतील मुलींच्या शिक्षणावर झालेला परिणाम. 'मुलींच्या शाळा का सुटल्या?' असे तिने आधी लिहिले होते. पण शाळा सुटल्याच, हे शोधण्यापूर्वी कसे म्हणावे? तो शब्द तिने खोडला. शाळांची जुनी जनरल रजिस्टरे, त्या काळच्या मुलींच्या मुलाखती, आधी झालेले लेखन आणि वर्षवार कामाची वाटणी एवढे मात्र तिने बारकाईने लिहिले. चाळींचा पुनर्विकास होत असल्याने कुटुंबे पांगण्यापूर्वीच त्यांना गाठायचे, हेही वेळापत्रकात आले. चाळीसची दहा पाने झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे, वाढीव मुदत वेगळी. प्रवेशानंतर संशोधन सल्लागार समिती आराखडा तपासते आणि विषय नक्की करते. म्हणजे आराखडा काही दगडावरची रेघ नव्हे. प्रश्न, साधने, पद्धत आणि वेळ यांत तपशील हवा. निष्कर्षाची जागा मोकळी हवी. पानांची मर्यादा विद्यापीठाने दिली असेल, तर ती पाळावी.

ज्या घरात मुलीच्या पगाराची वाट पाहिली जाते, तिथे विषय पसरून वाया गेलेले एक वर्षही फार महाग पडते. म्हणून आईवडिलांनो, इंग्रजी येत नसले तरी मुलांना आराखडा आपल्या भाषेत सांगायला लावा. काय शोधणार, कुठे, कसे आणि किती दिवसांत, हे तुम्हांला समजले, तर तो पुरेसा सविस्तर आहे असे खुशाल समजा.