आंद्रेचं पाणी, मुंबईची वीज

चिंचवडहून जुन्या हमरस्त्याने निघालं की देहूरोड, तळेगाव, वडगाव ओलांडून कान्हे फाट्याला उजवीकडे वळायचं. कारखाने मागे पडतात, टाकवे येतं आणि भातखाचरांपलीकडे ठोकळवाडी धरणाचं पाणी दिसू लागतं. हा अंदर मावळ.

पाणी आंद्रा नदीचं. आपल्या वाटेने वाहिलं असतं, तर इंद्रायणीला मिळून आळंदीला गेलं असतं. टाटांनी ते अडवून पश्चिमेला वळवलं. डोंगरातल्या बोगद्यातून कड्यापर्यंत आणि तिथून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, भिवपुरीच्या वीजकेंद्रात. टाटांचंच खोपोलीचं केंद्र 1915 चं, हे 1922 चं. दोन्हींची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी.

आम्ही कुसूर घाटाने खाली उतरलो. भिवपुरीत केंद्राच्या फाटकावर पहारा. बाहेर मात्र खाचरात विजेचा मनोरा मोकळाच उभा. जवळ जाऊन पाहिलं: बोल्टांनी जोडलेले लोखंडी अँगल, प्रत्येक पाय चार बोटं रुंद.

1942 च्या पावसाळ्यानंतर ब्रिटिश सरकारविरुद्ध लढणाऱ्या आझाद दस्त्याच्या करवती अशाच पायांवर चालल्या. म्होरके भाई कोतवाल माथेरानचे वकील, तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढणारा हा माणूस ऑगस्टमधल्या ‘छोडो भारत’च्या हाकेनंतर भूमिगत झाला. दस्त्याने ना धरणाला हात लावला, ना केंद्राला. रात्री मनोऱ्याचे पाय कापायचे. वरचा डोलारा तारांसकट आडवा व्हायचा आणि युद्धासाठी राबणाऱ्या मुंबईची वीज तुटायची.

2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला पहाटे गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. पुढच्याच महिन्यात नॉर्वेत वेमोर्कच्या जलविद्युत केंद्रालगतचा जड पाण्याचा कारखाना नॉर्वेजियन कमांडोंनी उडवला. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या कारखान्यावर त्यांना ब्रिटननेच शिकवून धाडलं होतं. तिथे जे शौर्य, तेच इथे त्याच सरकारच्या लेखी दरोडेखोरी.

केंद्राला चौकीदार ठेवता येतो. रानावनातून मुंबईपर्यंत गेलेली तार राखायची, तर तिच्याखालची गावं आपल्या बाजूने असावी लागतात. 1942 साली ती सरकारच्या बाजूने नव्हती.