काटा स्थिर असताना

पुण्याच्या एका प्रकाशकासाठी बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीचा मराठी अनुवाद नोएडात बसून करत होते. ‘अनसर्टन्टी’ला संपादकांना ‘चूक’ हवे होते, मुलांना पटकन कळते म्हणून. मी ‘अनिश्चितता’ सोडायला तयार नव्हते. वाद पेटला पोटेन्शिओमीटरच्या प्रकरणात.

हिंदीत त्याला विभवमापी म्हणतात. फळीवर दहा ओळींत ताणलेली दहा मीटर तार, तिच्या टोकांना बॅटरी. मोजायचा सेल गॅल्व्हानोमीटरमार्फत जोडायचा आणि जॉकी टेकवत काटा शून्यावर राहील ती जागा शोधायची. त्या क्षणी सेलमधून प्रवाह वाहत नाही, त्यामुळे त्याचा अंतर्गत रोध मध्ये येत नाही. साधा व्होल्टमीटर थोडा प्रवाह खेचतो आणि किंचित कमी आकडा दाखवतो. मूळ लेखनाला धक्का न लावता ते वाचता येणे! अनुवादकाला हेवा वाटतो.

तरीही एका मिलिमीटरची शंका उरतेच. तोल 40 सेंटिमीटरवर साधला तर ती 0.25 टक्के, 8 मीटरवर साधला तर 0.0125 टक्के. म्हणून रिओस्टॅटने तारेवरचा दाब उतरवून तोल शेवटच्या ओळींकडे न्यायचा. मात्र एकूण दाब सेलपेक्षा जास्तच हवा. जॉकी घासायची नाही, तारेची जाडी बिघडते. वाचन दोन्ही बाजूंनी घ्यायचे. बॅटरी उतरत जाते, म्हणून ओळखीच्या सेलने आधी आणि नंतरही ताडून पाहायचे. एवढे करून उरते, ती चूक कशी?

दिल्लीत पुसाजवळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे, 1950 साली सुरू झालेली. अशा प्रयोगशाळा पूर्वी व्होल्ट वेस्टन सेलमध्ये जपत. एका अंशाच्या फरकाने तो सुमारे 40 मायक्रोव्होल्टने हले. (दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याचे किती लाड करावे लागत असतील!) आता तिथला व्होल्ट जोसेफसन जोडांवर उभा आहे. तरी कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रात आकड्यासोबत अनिश्चितता लिहिलेली असते, आणि तिची कोणाला लाज वाटत नाही.

आमच्या कॉलेजात मुले उत्तर आधी पाहून वाचने मागाहून ‘जुळवत’. शंकेला चूक म्हटले की ती लपवावीशी वाटणारच. हे मी संपादकांना लिहिले. एनसीईआरटीने 2022 मध्ये पाठ्यपुस्तकातून पोटेन्शिओमीटर वगळला होता; आता एवढा खल कशाला, असे त्यांचे उत्तर आले. पण तक्त्यात ‘अनिश्चितता’ हा रकाना राहिला. ‘चूक’ हा शब्द आम्ही सेल उलटा जोडल्यामुळे काटा एकाच बाजूला जात राहतो, त्या सूचनेत वापरला.