पेटीतला वारा

गिऱ्हाईक पंखे मोजतं. पुढे काचेमागे तीन, वर दोन, मागे एक, सगळे रंगीबेरंगी दिवे लावून गरगरताहेत, म्हणजे कॉम्प्युटरचं कॅबिनेट थंड राहणार अशी त्याची खात्री. मी आधी पेटीच्या तोंडाकडे बघतो. पुढचं पॅनेल सलग काचेचं असेल आणि हवेला आत यायला कडेनं बोटभर फट ठेवली असेल, तर त्या काचेमागे तीन पंखे लावा नाहीतर तेरा, ते एकमेकांच्याच तोंडची हवा ओढत बसतात. वाड्यात रस्त्याकडची खिडकी सताड उघडली आणि परसातलं दार बंद ठेवलं तर वाऱ्याची झुळूक आत येत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कॅबिनेटच्या बाबतीत मात्र सांगावं लागतं. जाळीदार तोंडाची, दिसायला साधी पेटी मी पुढे सरकवतो आणि ती बहुतेक वेळा तशीच परत फळीवर जाते.

पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतली हवा आत आणतो आणि तापली की बाहेर टाकतो, बस्स. याचा हिशेब रोकडा आहे. खेळ चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता सोडत असतील आणि पेटीतून मिनिटाला ५० घनफूट हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साधारण १० अंशांनी गरम असते. हवा दुप्पट केली की हा फरक ५ वर येतो, चौपट केली की अडीचवर. म्हणजे पहिल्या दोन-तीन पंख्यांनी जे मिळतं ते नंतरच्या चारांनी मिळत नाही. शिवाय पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी आणि फिल्टर आले की तो चांगलाच घसरतो. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३९ अंश असतील, तर कितीही पंखे लावले तरी पेटीत ३८ होणार नाहीत. म्हणून मी नुसतं तापमान कधी लिहून ठेवत नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करतो आणि उरेल तो आकडा लिहितो. जानेवारीत नेलेलं मशीन मे महिन्यात तक्रार घेऊन परत आलं की तोच आकडा कामाला येतो.

हवा कुठून घ्यायची आणि कुठून सोडायची, हे मोठ्यांनाही पहिल्या फटक्यात जमलेलं नाही. इंटेलनं १९९५ मध्ये मदरबोर्ड आणि पेटीच्या मांडणीचा एटीएक्स हा आराखडा आणला तेव्हा मूळ कल्पना अशी होती की एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यानं बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडायची. पण ती हवा एसएमपीएसमधून येता येताच तापणार आणि सोबत धूळही आणणार. पुढे त्या पंख्याचं तोंड उलट झालं. पेंटियम ४ च्या दिवसांत प्रोसेसर इतके तापायला लागले, की कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला एक नळकांडं बसवून त्यांना थेट बाहेरची हवा पाजावी लागली. खोलीत ३५ अंश असतील तर प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी ३८ च्या वर जाता कामा नये, असा इंटेलचा दंडक होता. त्या काळातली पेटी उघडायला आली की ते नळकांडं अजून भेटतं. २००४ मध्ये एटीएक्सच्या जागी बीटीएक्स हा नवा आराखडा आला. त्यात पुढून शिरलेली हवा आधी प्रोसेसरवरून आणि मग सरळ मागे, असा मार्ग आखून मदरबोर्डाची मांडणी त्याभोवती केली होती. मला ती मांडणी फार आवडायची. पण कमी तापणारे प्रोसेसर आले आणि २००६ मध्ये इंटेलनंच तिचा नाद सोडला. आपण एटीएक्सशीच जुळवून घेत राहिलो.

माझी मांडणी साधी असते: पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. पुढचा खालचा पंखा सगळ्यात मोलाचा, कारण आजकालची बहुतेक ग्राफिक कार्डं आपली उष्णता पेटीतच ओततात आणि त्यांना ताजी हवा तिथूनच मिळते. वर पंखा हवाच असेल तर मागच्या कोपऱ्यात. वरच्या पुढच्या कोपऱ्यात बाहेर टाकणारा पंखा लावला, की पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आत तो ती उचलून बाहेर फेकतो. यावर हमखास उत्तर येतं, ‘गरम हवा वरच जाते ना?’ जाते. पण पंखे फिरत असलेल्या पेटीत तिची ती चाल इतकी दुबळी असते, की हळू फिरणारा पंखाही तिला पाहिजे तिकडे वळवतो. पंख्याची कुठली बाजू आत घेते, यावर अजूनही पैजा लागतात. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. कित्येक पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेला असतो, पण तो वाचतो कोण.

आत घेतलेली हवा बाहेर टाकलेल्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, या मताचा मी आहे, आणि ते पुण्याच्या धुळीमुळे. जास्तीची हवा फटीफटींतून बाहेर ढकलली जाते, म्हणजे धूळ फक्त पुढच्या फिल्टरवर अडकते. उलट केलं की स्लॉटच्या पट्ट्यांतून, यूएसबीच्या भोकांतून, मिळेल तिथून ती आत ओढली जाते. अडचण एवढीच, की फिल्टर धुवायला कुणालाच आठवत नाही. तो तुंबला की पुढून येणारी हवा घटते, मागचा पंखा ओढतच राहतो आणि विचारपूर्वक केलेली मांडणी आपोआप उलटते. मशीन स्वयंपाकघराला लागून असेल तर विचारूच नका. फोडणीची वाफ धुळीत मिसळून पात्यांवर जो चिकट थर बसतो तो ब्लोअरला दाद देत नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं. आणि ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवायचं. नुसत्या झोतावर पंखा वेडावाकडा भरधाव सुटतो आणि बेअरिंग जातं.

जास्त पंख्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मी मान्य करतो, ती आवाजाची. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. तसे दोन लावले तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि दुसऱ्या पंख्याचे फार तर ३ डेसिबल वाढतात. रात्री घरची मंडळी झोपल्यावर त्याच खोलीत काम करणाऱ्याला मी स्वतःहून आणखी एक पंखा सुचवतो. पण चार पिनांचेच घ्यायचे आणि बायोसमध्ये त्यांचा वेग सावकाश चढेल असा लावायचा. सतत वरखाली होणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त छळतो.

सगळं जोडून झालं की उदबत्ती पेटवतो. झाकण लावून, कारण उघड्या पेटीतला वारा वेगळाच असतो. धूर पुढच्या जाळीशी धरला की ओढला जातो, स्लॉटच्या पट्ट्यांशी धरला की दूर ढकलला जायला हवा. तिथं आत गेला तर मागच्या पंख्याचा वेग कमी करायचा. उदबत्ती यापुरतीच. दसऱ्याला मशीनची पूजा जरूर करावी, पण वरच्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या की त्या कुठं जातात, ते दिवाळीच्या सुमाराला माझ्याकडे आलेल्या पेट्यांत दिसतं.

आणि इतकं करून ती पेटी शेवटी कुठं जाते? प्लायवूडच्या कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात. मागे पाटी, पुढे दार, दाराला कुलूप. मागून फेकलेली गरम हवा कडेनं फिरून पुन्हा पुढून आत येते आणि प्रत्येक फेरीला आणखी तापते. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांचं मशीन ऐन लग्नसराईत असंच बंद पडायचं. त्यांना वाटलं, आता आणखी पंखे घालावे लागणार. मी करवत मागितली. मागची पाटी कापायला वहिनींनी साफ नकार दिला: ‘भिंतीकडच्या सगळ्या वायरी दिसतील, दारात गिऱ्हाईक उभं असतं.’ तडजोड म्हणून दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. मशीन बंद पडायचं थांबलं. नंतर कळलं की उघडा कप्पा बरा दिसत नाही म्हणून तिथं पडदा शिवायला टाकलाय. मी लगेच फोन लावला.