टायरच्या कडेवरील चार अंक

मृगाची पहिली सर कोसळली की कॅम्प ४ मधील दुकानदार आधी दुकानाची पायरी पाहतो, मग पोटमाळ्यावरचे पत्रे, मग गोदामातील सर्वांत खालचा थर. मालाला ओल लागू नये म्हणून ताडपत्र्या मे महिन्यातच आणून ठेवलेल्या असतात. दारात उभ्या असलेल्या मोटारीचा विचार मात्र वायपरच्या रबरी पट्टीपाशी संपतो. ती नवी बसवली, काच नीट पुसली जाऊ लागली, की गाडी पावसाळ्यास सज्ज झाली असे आपण मानतो. चाकांकडे कोणी वाकून पाहिलेच, तर प्रश्न एकच असतो : टायरची नक्षी शिल्लक आहे ना?

व्यापारी घरांतील गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा आहे, असे माझे मत अलीकडे पक्के झाले आहे. ते कसे झाले, ते येथे सांगतो.

आपल्या भागात पावसाची भीती म्हटली की पूर आठवतो. २६ जुलै २००५ चा दिवस बदलापूरपासून कल्याणपर्यंत कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली, तेही सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु अशा दिवशी शहाणा माणूस गाडी बाहेर काढतच नाही. गाडी घसरते ती बहुधा रिमझिम पावसात. कोरड्या महिन्यांत रस्त्यावर गळलेले तेल, धूळ आणि चाकांच्या रबराचा बारीक चुरा पहिल्या शिडकाव्याने भिजतो आणि त्याचा एक पातळ, निसरडा लेप तयार होतो. धो धो पाऊस तो धुऊन नेतो; रिमझिम पाऊस तो केवळ कालवून ठेवतो.

जून २०२४ मध्ये अशाच एका सकाळी आम्ही भिवंडीला कापड पाहण्यासाठी निघालो होतो. चुलतभाऊ गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी आणि मागे थोरले काका. वालधुनीच्या उड्डाणपुलाच्या उतारावर पुढची रिक्षा थांबली. भावाने ब्रेक दाबला. वेग फार तर चाळीस असेल. पायाखाली ब्रेकची खडखड जाणवली, गाडी मात्र थांबेना. ती अगदी शांतपणे, जणू काही झालेच नाही अशी, पुढे सरकत राहिली आणि रिक्षापासून हातभर अंतरावर उभी राहिली. रिक्षात शाळेच्या गणवेशातील दोन मुली होत्या. त्यांना काही कळलेही नाही. काका म्हणाले, "ब्रेक दाखवून घ्या."

ब्रेक दाखवले. ते उत्तम होते. मग गाडी कॅम्पातल्याच एका टायरवाल्याकडे गेली. त्याने नक्षीकडे पाहिलेसुद्धा नाही. अंगठ्याचे नख रबरात रोवण्याचा प्रयत्न केला, चाकाच्या कडेवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाला, "शेठ, टायर घासला नाही, वाळलाय."

त्याने बोट ठेवले होते ते एका छोट्या लंबगोलातील चार अंकांवर : ३४१५. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०१५ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात, ऑगस्टच्या उत्तरार्धात तयार झालेला. सन २००० पासून ही तारीख चार अंकांत छापली जाते. हे अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूस असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला बसवलेली असली तर वाकून, टॉर्च लावून पाहावे लागते. नऊ वर्षे आम्ही त्या गाडीतून फिरलो. आणि मालाच्या गाठीवरची तारीख वाचल्याशिवाय माल न घेणाऱ्या काकांच्या नजरेलाही ते अंक कधी पडले नव्हते.

त्यांचा आक्षेप मात्र रास्त वाटावा असा होता. गाडी नऊ वर्षांत २८,००० किलोमीटरच चाललेली. घर ते दुकान, दुकान ते बँक, वर्षातून दोन-तीन लांबचे प्रवास. खाचा अजून चांगल्या खोल होत्या. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. त्यासाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे दिलेले असतात आणि नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजायचे. आमच्या गाडीचे उंचवटे खोल तळाशी सुखाने बसले होते. "जी वस्तू झिजली नाही, ती टाकायची कशासाठी?" काकांनी विचारले. काटकसरीत मुरलेल्या घरात या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नसते.

उत्तर रबराच्या स्वभावात आहे. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये कच्चे रबर गंधकासह तापवून त्याला टिकाऊपणा दिला, तेव्हापासून रबराची कहाणी ही त्याच्या लांबलांब रेणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या टाक्यांची कहाणी आहे. टाके थोडे असले की रबर लवचीक राहते. परंतु ते टाके घालण्याचे काम कारखान्यात पूर्ण थांबत नाही. हवेतील प्राणवायू आणि उष्णता ते संथपणे चालू ठेवतात. वर्षागणिक टाके वाढतात आणि रबर कडक होते. ओझोन वायू वेगळेच काम करतो : ताणलेल्या रबराला तो बारीक भेगा पाडतो. त्यापासून बचाव म्हणून टायरच्या मिश्रणात मेण आणि काही रसायने घातलेली असतात. चाक फिरताना रबर दबते, सैलावते आणि ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरते. गाडी उभीच राहिली तर हे होणे मंदावते. म्हणजे ज्या कमी रनिंगचा आपण जुनी गाडी विकताना अभिमानाने उल्लेख करतो, ते टायरला फारसे मानवत नाही. त्यातून कॅम्प ४ मध्ये गाडीला छप्पर कोठले? लष्करी छावणीच्या बराकींतून वाढलेल्या या वस्तीत गाडी दुकानासमोर उघड्यावर उभी असते आणि एप्रिल-मेचे ऊन दुपारभर एकाच बाजूच्या चाकांवर पडते. धुणारा मुलगा टायरला काळे पॉलिश लावतो, तेव्हा त्या भेगाही दिसेनाशा होतात.

आता ओल्या रस्त्याचा संबंध. रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी तो खडीच्या बारीक टोकांचा बनलेला असतो. कोरड्या रस्त्यावर रबर काही अंशी चिकटून आणि काही अंशी त्या टोकांभोवती दबून पकड घेते. पाण्याचा पापुद्रा मध्ये आला की चिकटणे जवळजवळ संपते. उरते ते खडीच्या टोकांवर दबून, त्यांचा आकार घेऊन अडून राहणे. मऊ रबराला ते साधते. कडक रबर टोकांवरून टेकत टेकत पुढे जाते. खाचांचे काम वेगळे आहे : चाकाखालचे पाणी बाहेर काढून देणे. ते आमचे टायर उत्तम करत होते. पाणी बाहेर जात होते, पण मागे उरलेल्या ओलसर रस्त्याला धरण्याची रबराची ताकद गेली होती. म्हणूनच जुन्या टायरची गाडी कोरड्या रस्त्यावर आठ महिने निमूट चालते आणि मालकाला कसलीही शंका येऊ देत नाही.

याचा हिशोब आपल्या परिचयाच्या भाषेत मांडता येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला घर्षणाचा गुणांक ०.७ मिळाला, तर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे २० मीटरमध्ये थांबते. तोच गुणांक ०.४ वर उतरला तर सुमारे ३५ मीटर लागतात. मधले पंधरा मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या जवळजवळ चार मोटारी. प्रत्येक चाक रस्त्याला साधारण तळहाताएवढेच टेकलेले असते; सारा कारभार त्या चार तळहातांवर चालतो. ब्रेक दाबताना चाके जाम होऊ नयेत म्हणून जी एबीएस यंत्रणा असते, ती स्टिअरिंग आपल्या ताब्यात राहू देते. पण जी पकड रबरातच नाही, ती तिला कोठून आणता येणार?

आपल्याकडे या विषयाची जाग हळूहळू येत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकडीची अट अधिसूचित केली. नव्या घडणीच्या टायरना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली. स्वागतार्हच आहे. पण ती परीक्षा नव्या टायरची आहे, नऊ वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या टायरची नव्हे. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्यांना परत पाठवण्यास सुरुवात झाली, तेव्हाही भर झिजेवरच होता. वयाकडे कायद्याचे लक्ष वेधण्यासाठी इंग्लंडमध्ये एका आईला वर्षानुवर्षे झगडावे लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथे एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा मृत्यू झाला. त्यांत फ्रान्सेस मोलॉय यांचा अठरा वर्षांचा मुलगा होता आणि तो टायर साडेएकोणीस वर्षांचा, म्हणजे त्या मुलाहूनही वयाने मोठा होता. तो अपघात घसरण्याचा नव्हता, फुटण्याचा होता. पण मूळ एकच. १ फेब्रुवारी २०२१ पासून त्या देशात बस आणि मालमोटारींच्या पुढील चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरण्यास बंदी आहे. खासगी मोटारींबाबत कित्येक टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसत असला तरी बदलावा. आपल्या उन्हाचा विचार करता दहाची वाट पाहू नये, असे मला वाटते.

काकांना पटले ते इंग्लंडच्या कायद्याने नव्हे, वर मांडलेल्या त्या पंधरा मीटरच्या हिशोबाने. तरीही आधी दोनच टायर घ्यावेत, असा त्यांचा विचार होता आणि ते पुढे बसवावेत, असा भावाचा आग्रह. टायरवाल्याने दोघांनाही थांबवले. दोनच घ्यायचे तर नवे मागे बसवायचे, असे तो म्हणाला. आणि टायर कंपन्यांचाही सल्ला हाच आहे. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की पुष्कळदा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि मग सराईत माणसाचेही काही चालत नाही. हे ऐकून काकांनी चारही घेण्याचे ठरवले. स्टेपनीचा प्रश्न तेव्हाच निघाला. ती एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती, तिच्यावरची छोटी रबरी लव अजून शाबूत होती आणि अंक तेच होते : ३४१५. तीही बदलली. नव्या पाचही टायरवरचे अंक काकांनी बिलावर लिहून घेतले आणि सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर परत नेण्याची बोली केली. दुकानदाराने मुकाट्याने मान्य केले. यापूर्वी असे कोणी विचारले नव्हते, एवढेच म्हणाला.

ही वार्ता बाजारात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आमच्या ओळीतले पाच-सहा दुकानदार मोबाईलचे दिवे लावून आपापल्या गाड्यांखाली वाकलेले दिसले. बहुतेकांचे अंक २०१८ च्या आसपासचे निघाले. भांड्यांच्या दुकानाच्या शेठजींची तीन चाके २०१९ ची आणि चौथे २०१३ चे. गाडी त्यांनी २०१९ मध्येच कोरी घेतली होती. मधल्या काळात कधीतरी पंक्चरच्या दुकानात टायर बदलून मिळाला होता, नक्षी खोल होती, भाव स्वस्त होता, एवढे त्यांच्या मुलाला आठवते. त्या सायंकाळी शेठजी रिक्षाने घरी गेले.