वळिवड्याची आठवण

बोरगावाहून इचलकरंजीमार्गे कोल्हापुरास जाणाऱ्या प्रवाशाने वाट थोडी वाकडी करून वळिवडे हे गाव अवश्य पाहावे. आपल्या सीमाभागातील पुष्कळ मंडळी गांधीनगरच्या पेठेत कापड घेण्यास जातात. परंतु ती पेठ ज्या भूमीवर वसली तिची कथा फार थोड्यांस ठाऊक असते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरच्या जर्मनीने आणि पूर्वेकडून स्टालिनच्या रशियाने आक्रमण केले. १० फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडातील लाखो लोकांस, मुलाबाळांसह, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. थंडीने, भुकेने व रोगाने हजारो दगावले. त्याच वर्षी कातिनच्या अरण्यात व अन्यत्र सुमारे २२,००० पोलिश कैद्यांस गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत सेनाधिकारी होते, तसेच डॉक्टर, शिक्षक व वकीलही होते.

१९४१ साली सुटका झाल्यावर जे जगले, त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. बराकींच्या त्या वसाहतीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. ते गेल्यावर फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव तेथे आले व गांधीनगर वसले. एका दुःखिताने रिकामे केलेले घर दुसऱ्या दुःखिताच्या कामी आले!

वळिवड्याच्या मुलांस बालवीर चळवळीचे शिक्षण देण्यास झ्दिस्लाव पेश्कोव्स्की नावाचा तरुण अधिकारी आला होता. कातिनला मारल्या गेलेल्यांबरोबर तो एकाच छावणीत कैदी होता. तो वाचला, सोबती गेले. पुढे तो धर्मगुरू झाला. रशियाने हे पाप जर्मनांच्या माथी मारले होते व १९९० पर्यंत ते नाकारले. १९९१ साली सामुदायिक थडगी उकरली गेली, तेव्हा फादर पेश्कोव्स्की तेथे उपस्थित होते. पन्नास वर्षे असत्याने झाकलेल्या त्या मृतांसाठी २००० साली दफनभूमी सिद्ध झाल्या.

'वंशसंहार' या अर्थाचा इंग्रजी शब्द राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली रूढ केला. त्याचे अनेक आप्त नाझींच्या हत्याकांडात बळी पडले होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी, म्हणजे वळिवड्याची वसाहत रिकामी झाली त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी या अपराधाविरुद्ध करार संमत केला. कातिन त्या व्याख्येत बसते काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. मारलेल्यांच्या विधवांस मात्र व्याख्येपेक्षा एक थडगे हवे होते.

आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या उपकाराचे स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. ही स्मारके आश्रयाची आहेत. परंतु आश्रय कशापासून, असे मुलांनी विचारले, तर त्या मृतांची कथा सांगावीच लागते. सायबेरियाच्या वाटेवर जे पडले, त्यांपैकी कितीकांच्या थडग्याचा दगडही कोठे नाही.

वाचकहो, नोव्हेंबरात आपण आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. कोल्हापुरास गेलात, तर मुलांना त्या स्तंभापाशी न्या, त्यावरील मजकूर वाचून दाखवा आणि ज्यांची थडगी कोणास ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी क्षणभर उभे राहा.