परक्या बाईंची नजर

आमच्या थोरल्या मावशीचें एक रंगीत खडूंनीं काढलेलें चित्र गिरगांवच्या घरांत कपाटामागें, भिंतीकडे तोंड करून उभें असे. स्वातंत्र्यापूर्वीं दोन-तीन वर्षें कोणा परदेशी बाईंनीं तें काढलें होतें. मावशीचें नाक किंचित् बसकें. तें चित्रांत जसेंच्या तसें उतरलें होतें. लग्नाच्या मुलीचें चित्र असें कसें चालेल, म्हणून आजोबांनीं नाक जरा सुधारून मागितलें. बाईंनीं साफ नकार दिला. पुढें घर पाडावयाचें ठरलें तेव्हां सामान आवरण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि तें चित्र मींच भंगारवाल्यास देऊन टाकलें. चौकटीस लागलेली वाळवी तेवढी पाहिली; चित्र सुलटें करून पाहिलें नाहीं.

हें सारें पुन्हा आठवलें तें मॅग्डा नाखमन यांचें चरित्र वाचतांना. मावशीच्या चित्राशीं त्यांचें नांव जोडण्याचा मोह मीं आवरला आहे. त्या काळीं युरोप सोडून मुंबईस आलेले चित्रकार कांहीं एकटेदुकटे नव्हते. पण मॅग्डाबाईंची चित्रें ज्या वाटेनें गेलीं, ती वाट मला ओळखीची वाटली.

१८८९ सालीं पीटर्सबर्गजवळ त्यांचा जन्म झाला. वडील ज्यू, आई जर्मन वंशाची. झ्वांत्सेवा यांच्या चित्रशाळेंत त्या प्रथम बाक्स्त व नंतर पेत्रोव्ह-वोद्किन यांच्या हाताखालीं शिकल्या. १९१३ च्या उन्हाळ्यांत क्रिमियांतील कोक्तेबेल येथें, कवि वोलोशिन यांच्या घरीं पाहुण्या असतांना, त्यांनीं एका तरुण कवयित्रीस समोर बसवून तिचें तैलचित्र काढलें. ती मारीना त्स्वेतायेवा. आज रशियन काव्य वाचणाऱ्या जगाला तो चेहरा पाठ आहे; काढणारीचें नांव मात्र फार थोड्यांस ठाऊक.

दोघींनींहि १९२२ सालींच रशिया सोडला आणि दोघीहि प्रथम बर्लिनला गेल्या. त्स्वेतायेवा १९३९ सालीं मायदेशीं परतली व १९४१ सालीं येलाबुगा या गांवीं तिनें गळफास घेतला. मॅग्डाबाई परतल्या नाहींत. त्यांनीं मद्रासकडील एका क्रांतिकारकाशीं, मं. प्र. ति. आचार्य यांच्याशीं, लग्न केलें होतें. १९२० सालीं ताश्कंदला हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हां हे गृहस्थ तेथें होते. पुढें त्यांचें पक्षाशीं बिनसलें व ते अराज्यवादी झाले. सरकारें आणि पक्ष या दोहोंशीं ज्याचें वांकडें, त्याच्या घरांत पैसा कोठून येणार? बर्लिनमध्यें बाईंचा कुंचला हाच संसाराचा मोठा आधार होता. १९२८ सालीं तेथें भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनावर ‘रूल’ या रशियन वृत्तपत्रांत तरुण नाबोकोव्ह यांनीं लिहिलें. १९३३ सालीं बाईंनीं त्यांचेंहि चित्र काढलें. त्याच वर्षीं हिटलर सत्तेवर आला. ज्यू पित्याच्या मुलीस आणि तिच्या हिंदी पतीस त्या शहरांत जागा उरली नाहीं.

१९३६ सालीं त्या मुंबईस आल्या. येथें त्यांनीं काय रंगविलें? प्रथम, पोटासाठीं, श्रीमंतांचे चेहरे. परंतु त्यांचें मन रमे तें मोलमजुरी करणाऱ्या स्त्रियांत आणि कडेवरच्या पोरांत. परदेशी चित्रकारांस हिंदुस्थान म्हणजे बहुधा साप, साधु आणि सूर्यास्त! बाईंनीं ती पेठ मांडली नाहीं. समोरचें माणूस जसें असेल तसें, त्याच्या थकव्यासह, त्या पाहत. सूझा, रझा, हुसेन, आरा यांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७ सालीं निघाला, आणि नव्या मंडळींच्या धडाक्यापुढें असें शांत वास्तवचित्रण कांहींसें मागें पडलें. मौज अशी कीं सूझा १९४९ सालीं लंडनला व रझा १९५० सालीं पॅरिसला गेले. ज्या युरोपांतून या बाईंस जीव घेऊन निघावें लागलें, तिकडेच आमची मुलें कला शोधावयास निघालीं.

१२ फेब्रुवारी १९५१ रोजीं मुंबईंत त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन उघडावयाचें होतें. उद्घाटनास कांहीं तास उरले असतां त्या वारल्या. तीन वर्षांनीं, विपन्नावस्थेंत, आचार्यहि गेले. मूलबाळ नव्हतें. चित्रें कोणाकोणाच्या दिवाणखान्यांत पांगलीं. मालक बदलले, घरें पडलीं, आणि बहुतेकांचा माग उरला नाहीं.

मावशी शेवटच्या दुखण्यांत एकदां म्हणाली होती, “तीन दिवस त्या बाई माझ्याकडे एकसारख्या पाहत होत्या रे. तसें मला पुढें कोणीं पाहिलें नाहीं.” मीं विचारलें, “आणि चित्र आवडलें होतें का तुला?” ती हंसून म्हणाली, “मला कोणीं विचारलेंच नाहीं.” तोंवर तें भंगारांत जाऊन चार वर्षें झालीं होतीं, आणि तें तिला सांगण्याचा धीर मला झाला नाहीं.

हल्लीं कोणाच्या घरीं जुनें चित्र दिसलें कीं मी खालच्या कोपऱ्यांतली सही वाकून पाहतों.