उंची सोड, जाडी धर

पुणे,
१२ एप्रिल

चि. ओंकार,


ट्रायपॉडचा तुझा तक्ता मिळाला. वजन, उंची, किंमत, किती किलो भार पेलतो, सगळे रकाने व्यवस्थित भरलेस आणि खाली ‘आत्या, यातला सर्वांत हलका घेऊन टाकू ना?’ असं विचारून मोकळा झालास. बापाचा गुण, तो विजेच्या बिलाचाही तक्ता करतो. पण तुझ्या तक्त्यात दोन रकाने राहिलेत आणि माझ्या मते निवड त्यांच्यावरच ठरते. एक, ट्रायपॉडवरून तू नक्की कोणते फोटो काढणार आहेस? दुसरा, पायाची सर्वांत खालची नळी किती जाड आहे?

आधी पहिलं. तुझ्या नव्या मिररलेसच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे. वाईड लेन्स लावून, कोपरं अंगाशी धरून पाव सेकंदाचा फोटो तू हातातच काढू शकशील. म्हणजे बाजार, घाट, तिन्हीसांजेची देवळं यांच्यासाठी दहा वर्षांपूर्वी ट्रायपॉड न्यावा लागायचा, आता नाही. आणि जिथे त्याची आठवण हमखास येते तिथे तो चालत नाही. अजिंठ्याला फ्लॅश बंद, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड उभा करायचा तर आधी परवानगी काढावी लागते. तिथे आयएसओ वाढवायचा आणि श्वास रोखायचा.

मग उरलं काय? काजवे, आकाशगंगा आणि पावसाळी धबधबे. तुझ्या जूनच्या भंडारदऱ्याच्या बेतात यातले पहिले दोन आहेतच. आकाशासाठी जुना हिशेब सोपा आहे: पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. तुझी १६ मिलिमीटरची लेन्स तुझ्या लहान सेन्सरवर २४सारखी वागते, म्हणून वीस सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यासारखे राहतील, पुढे त्यांच्या रेघा होतात. काजव्यांचं काम त्याहून चिकाटीचं. झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे तू फोटोंत बघतोस ना, तो बहुतेकदा एक फोटो नसतोच. वीस-तीस सेकंदांचे कितीतरी फोटो ओळीने काढून ते नंतर संगणकावर एकमेकांवर चढवतात. तेवढा वेळ कॅमेरा केसभरही सरकता कामा नये. सरकला, की झाडाच्या फांद्या दुहेरी दिसतात आणि सगळी रात्र वाया.

आता गंमत बघ. यातल्या एकाही फोटोला डोळ्याच्या उंचीचा ट्रायपॉड लागत नाही. काजव्यांना कॅमेरा कमरेपाशी ठेवलेलाच बरा, खालचं गवत चौकटीत येतं. आकाशासाठी लेन्स वरच रोखायची, आणि तुझ्या कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळतो, त्यामुळे वाकायचीही कटकट नाही. असं असून तुझ्या तक्त्यात सगळ्यांत मोठं वर्तुळ कशाभोवती? कमाल उंचीभोवती.

हलक्या ट्रायपॉडला उंची देण्याचे कंपन्यांकडे दोनच मार्ग: पायाची कांडी वाढवायची आणि मधला सेंटर कॉलम उंच उचलायचा. दोन्ही महागात पडतात. तू मेकॅनिकलचा, तुला हे मी सांगायला नको. नळीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला ती आठपट लवते. उलट, नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की लवणं आठव्या हिश्श्यावर येतं. दुमडणाऱ्या पायात प्रत्येक कांडं वरच्यापेक्षा साधारण तीन मिलिमीटरने बारीक करावंच लागतं, नाहीतर ते आत जाणार कसं? वर २२ मिलिमीटरने सुरू झालेला पाच कांड्यांचा पाय तळाशी जेमतेम १० वर येतो. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल टोकापर्यंत ओढल्यावर जशी लवलवते तसला तो पाय. किलोच्या आतले, स्वस्त आणि तरीही ‘पाच फुटी’ म्हणून मिरवणारे ट्रायपॉड बहुधा या जातीचे.

सेंटर कॉलमचंही तसंच. तो वर उचलला की तीन पायांवर एक पाय उभा राहतो, आणि कॅमेरा त्या एका पायावर. चांगल्या ट्रायपॉडलाही हे चुकत नाही. पीक डिझाइनचा २०१९चा ट्रॅव्हल ट्रायपॉड घे. घडी ३९ सेंटिमीटरची, कारण त्याचे पाय गोल नाहीत, कॉलमला बिलगून बसतील अशा आकाराचे आहेत. डोकं फार चाललंय त्यात. त्याची जाहीर उंची १५२ सेंटिमीटर, पण कॉलम खाली ठेवला तर १३०. मी असते तर तक्त्यात १३०च लिहिला असता. प्रत्येक मॉडेलपुढे कॉलम न उचलता येणारी उंची लिही आणि मग परत तुलना कर. निम्मी नावं आपोआप गळतील.

‘भार पेलण्याची क्षमता’ हा रकाना खुशाल खोडून टाक. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो आकडा काढते. आठ किलो पेलणारा ट्रायपॉड आठ किलोला मोडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅमेरा स्थिर राहील असा नाही.

त्यापेक्षा दुकानात जा. सोबत तुझा कॅमेरा आणि तुझी सर्वांत जड लेन्स ने. पाय पूर्ण उघड, कॉलम खाली ठेव, कॅमेरा बसव. आता लाईव्ह व्ह्यूमध्ये दूरच्या एखाद्या पाटीवरचं अक्षर दहा पट मोठं कर आणि एका पायावर टिचकी मार. अक्षर थरथरेल. किती वेळात शांत होतं ते बघ. चांगल्यात ते सेकंदभरात थांबतं. वाईटात तू कंटाळशील पण ते थांबणार नाही. मग कॅमेरा काढ, वरच्या बैठकीवर तळहात ठेवून हलकेच पीळ दे. कुठे पीळ बसतो, सांध्यात की नळीत, ते हाताला कळतं. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू दे.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, हा तुझा दुसरा प्रश्न. जिट्झोने १९९४ साली कार्बन फायबरचे पाय आणले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. पीक डिझाइनचंच उदाहरण पुढे न्यायचं तर दोहोंत फरक साधारण तीनशे ग्रॅमचा, आणि कार्बनची किंमत दीडपटीच्या वर. तीनशे ग्रॅम म्हणजे पाण्याची अर्धी बाटलीसुद्धा नाही. पण कार्बनची थरथर लवकर विरते आणि थंडीत तो हाताला चटका देत नाही. स्पितीला जाशील तेव्हा कळेल. पैसे असतील तर कार्बन. नसतील तर जाड पायांचा अ‍ॅल्युमिनियम घे. बारीक पायांच्या स्वस्त कार्बनच्या वाटेला जाऊ नकोस.

पायांचे लॉक फिरवायचे की खटक्याचे, ही आवडीची बाब. मला फिरवायचे बरे वाटतात, सॅकच्या पट्ट्यात अडकत नाहीत. फक्त कोकणात नेलास तर परत आल्यावर ते उघडून गोड्या पाण्याने धुवायचे. वाळूचा एक कण आत राहिला तरी पुढच्या वेळी फिरवताना करकर ऐकू येते. बॉल हेडची प्लेट आर्का-स्विस पद्धतीची असू दे, म्हणजे हरवली तर दुसरी सहज मिळते.

वाऱ्याचं विसरू नकोस. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, त्याच्यापुढे दीड किलोचा ट्रायपॉड काहीच नाही. पाय आखूड कर, कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून ठेव, तो शिडासारखा फडफडतो. कॉलमखालच्या हुकाला सॅक अडकवायची ती अधांतरी नाही, जमिनीला जरा टेकलेली. लोंबकळली तर तीच झोके घेऊन कॅमेरा हलवते. दोन सेकंदांचा टायमर लाव. स्टॅबिलायझेशन बंद करायचं का, हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघ. काहींना ट्रायपॉडवर असल्याचं आपोआप कळतं. वीस सेकंदांच्या फोटोत शटर दाबतानाचा हादरा अंधारात जिरून जातो. धबधब्याला जिथे पाव ते एक सेकंद ठेवशील तिथे मात्र तो पुरता उमटतो, हे ध्यानात ठेव.

विमानाने गेलास तर ट्रायपॉड चेक-इनच्या बॅगेत टाक. केबिनचे सात किलो कॅमेऱ्यालाच पुरत नाहीत, आणि सुरक्षा तपासणीत वाद नकोत. म्हणून घडी ४५ सेंटिमीटरच्या आतली बघ. तेवढी साध्या बॅगेत आडवी बसते.

तर माझं मत असं: चार कांड्यांचा, कॉलम न उचलता छातीपर्यंत येणारा, तळाची नळी १५ मिलिमीटरच्या आसपास आणि हेडसकट दीड किलोच्या आगेमागे. तुझ्या यादीतला सर्वांत हलका यात बसत नाही. तिसरा बसतो.

भंडारदऱ्याला जाताना वन खात्याने ठरवलेल्या वेळा आधी विचारून घे. टॉर्च बंद ठेव, आणि झाडाखालच्या गवतात ट्रायपॉड रोवायला जाऊ नकोस. काजव्यांच्या माद्या तिथेच असतात. खरेदी मे संपायच्या आत उरकून टाक. पाऊस लागला की काजवे पुढच्या वर्षीच.

तुझी,
शुभा आत्या